दिग्या सही करत नाही

"काय आणलंयस फाडायला?" रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने वळून विचारलं.

चाळिशी उलटलेला, टक्कल पडत चाललेला गृहस्थ. पोटावर ताणलेला काळा टी-शर्ट, त्यावर वेड्यावाकड्या पांढऱ्या अक्षरांत 'खरूज' असं छापलेलं. छातीवर हा शब्द घेऊन चारचौघांत उभं राहायचं तर माणसात हिंमत तरी पाहिजे, नाहीतर घरात आरसा नको.

"फाडायला काही नाही," मी म्हटलं. "मला सही घ्यायचीय."

"कुणाची?"

"दिगंबर साळुंखेंची."

"दिग्याची?" त्याने पुढच्या दोघांना खांद्यावर हात ठेवून वळवलं. "ही दिग्याची सही घेणार म्हणते." ते दोघे हसले. त्यात चेष्टा नव्हती. लहान पोराने खेळण्याच्या दुकानात खरीखुरी बुलेट मागावी आणि मोठ्यांनी हसावं, तसं ते हसणं होतं.

"दिग्या सही करत नाही, ताई," तो मला समजावून सांगू लागला. "वीस वर्षं ऐकतोय मी त्याला. कॅसेटवर नाही, टी-शर्टवर नाही, कशावरच नाही. कागद पुढे केलास की तो फाडणार. तोच तर कार्यक्रम आहे."

मग त्याने आपला कागद दाखवला. बँकेत होता तो आणि गोंदियाला बदली झाल्याची ऑर्डर घेऊन आला होता. "जाणार तर आहेच," तो म्हणाला, "पण फाडून जाईन." रांगेत प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. गुणपत्रिका, नोटिसा, स्टॅम्पपेपरवरचे भाडेकरार. एकाने स्वतःची लग्नपत्रिका आणली होती आणि बायको त्याच्या शेजारीच उभी होती. शेवटच्या गाण्याला सगळ्यांनी आपापला कागद वर धरायचा, दिग्या तो घेऊन फाडायचा, तुकडे उधळायचे आणि सगळ्यांनी हलकं होऊन घरी जायचं, अशी 'खरूज' या बँडची रीत होती. मी माझी निळी फाइल ओढणीखाली घेतली.

२०११ सालचा ऑगस्टमधला रविवार, दुपारचे साडेतीन. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतलं लेथचं एक बंद पडलेलं वर्कशॉप. यंत्रं विकून झाली होती, जमिनीत नुसते बोल्ट उरले होते. आत शंभर माणसं कशीबशी मावली असती. शेजारच्या कारखान्याची तक्रार नको म्हणून सातच्या आत सगळं आटपायचं होतं. माझ्या कॉलेजातल्या एका मुलीच्या भावाने या कार्यक्रमाचं पोस्टर दाखवलं नसतं, तर मला हे ठिकाण जन्मात कळलं नसतं. दिगंबर साळुंखेकडे मोबाइल नव्हता, पत्ता नव्हता. तो कुठल्या दिवशी कुठे सापडेल हे एवढंच, पोस्टरवर छापलेलं, खात्रीचं होतं.

तो माझा बाप. मी पाच वर्षांची असताना घरातून गेला.

आणि मला त्याची सही हवी होती, कारण मला सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली होती. भटक्या जमातींच्या राखीव जागांमधली, तात्पुरती. शुक्रवारपर्यंत जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर ती जाणार होती. सोमवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, समितीपुढे माझी सुनावणी होती. आजोबांच्या शाळेतल्या १९५१ सालच्या नोंदीचा उतारा आईने वर्षभर खेटे घालून मिळवला होता. पण जात बापाकडून येते, त्यामुळे बापाचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो नसेल तर बापाचं प्रतिज्ञापत्र आणि नव्या दाखल्यासाठी त्याचा अर्ज. ते दोन्ही मी टाइप करून आणले होते. खाली नाव होतं, नावाच्या वर रिकामी जागा.

आई एका खासगी हॉस्पिटलात आया होती. निघताना तिने बजावलं होतं, "तुझा राग इथे दापोडीतच ठेवून जा. पाया पड, गोड बोल. आणि विल्सन दिसला तर त्याला सांग, शेवंताची मुलगी म्हणून."

विल्सन म्हणजे त्यांचा ड्रमवाला. तो मला अर्धवट उघड्या शटरपाशी वडापाव खाताना सापडला. पांढरी दाढी, पाठीला पट्टा. मी आईचं नाव सांगितलं, तसा त्याने वडापाव कागदात परत गुंडाळला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"शेवंतावहिनीची? अगं, तुला कडेवर घेऊन मी तालीम केलीय. डोळे झाकायचीस, पण रडायची नाहीस." मग त्याने शटर आणखी वर ढकललं. "ये. वाकून ये, डोकं सांभाळ."

मागे काचेची केबिन होती, पूर्वीच्या सुपरवायझरची. आत एक माणूस माइकच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळत बसला होता. मी ज्याच्यावर तेरा वर्षं चिडले होते तो माणूस माझ्या मनात चांगला धिप्पाड होता. हा किरकोळ. खुरटी दाढी, कानात बाळी, वाचायचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"दिग्या, कोण आलंय बघ," एवढं म्हणून विल्सनकाका बाहेर गेले.

"काय पायजे?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मी कल्याणी."

"कुठली कल्याणी?"

"साळुंखे."

हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा चढवून पुन्हा पाहिलं. "शेवंताची?"

"तुमचीपण," मी म्हटलं. राग दापोडीत ठेवायचं पहिल्या मिनिटालाच बारगळलं.

त्याने स्टूल पुढे ओढलं. "बस. चहा सांगू?"

"नको. वेळ नाही."

"हल्ली कुठं राहता तुम्ही?"

"तुम्हाला काय करायचंय?"

 मी फाइल उघडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. मेडिकलला नंबर लागलाय, सुनावणी उद्या आहे, सही इथे करायची.

"मेडिकल म्हणजे, डॉक्टर?"

"हो."

"आपल्यात डॉक्टर?" तो हसला. समोरचा एक दात नव्हता. ते हसू इतकं निर्मळ होतं की मला वाटलं, झालं, काम झालं. तो ओठ हलवत हळूहळू वाचू लागला. "मी, दिगंबर मारुती साळुंखे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की माझी व माझ्या पूर्वजांची जात हिंदू घिसाडी…" इथे तो थांबला. चष्मा काढून त्याने छातीवर सोडला.

"हे मी लिहून द्यायचं?"

"लिहायचं काही नाही. नुसती सही."

"माझा दाखला मागितला न्हाई त्यांनी?"

"मागितला. तो नाही, म्हणून तर हे."

"फाडला मी तो."

"माहितीये. आईने सांगितलंय. नव्वद साली, खडकीत, गणपतीच्या मांडवात. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे."

"तिथनंच सुरू झालं हे सगळं." त्याने चिकटपट्टीचं टोक नखाने उकरायला घेतलं. "तुला सांगतो. आठवीत होतो. दर जूनला मास्तर भर वर्गात उभं करायचे. घिसाड्याच्या, ऊठ, फीमाफीचा फॉर्म भर. सगळा वर्ग वळून बघायचा. वर्षभर त्यांना माझं नाव पाठ झालं न्हाई, हे मात्र पाठ. दाखल्यावर पण तेवढंच लाल शाईत. तो फाडला तवा पयल्यांदा छातीभर श्वास घेतला मी. त्याच्यानंतर कशावर सही केली न्हाई. बँकेत खातं न्हाई, भाड्याची खोली नावावर न्हाई, फोन न्हाई. आता तेच मी परत लिहून द्यायचं? शपथेवर?"

"तुम्ही तुमचा फाडलात," मी म्हटलं, "पण त्याच्याबरोबर माझाही फाडलात. मी जन्माला यायच्या आधीच."

बाहेर कोणीतरी गिटारची वायर जोडली आणि कानठळ्या बसवणारी शिटी घुमली. 

"उद्या कुठं हाय ते?" त्याने विचारलं.

"समितीच्या ऑफिसात. समाजकल्याणची इमारत, दुसरा मजला. सकाळी अकरा."

"आणि न्हाई झालं तर?"

"शुक्रवारी सीट जाते."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी कुठेतरी नोकरीला लागलेली असेन. आईच्याने आता होत नाही. पाय सुजतात तिचे. तुम्हाला माहिती असायचं काही कारण नाही."

त्याने कागद नीट जुळवून फाइलमध्ये घातले आणि फाइल माझ्या हातात दिली. "शो झाल्यावर बघू."

"आता करा ना. एक मिनिट लागतं." मग मी वाकले आणि खरंच त्याच्या पायाला हात लावला. माझ्या आयुष्यात मी इतकं लाचार कधी झाले नव्हते. त्याने पाय मागे घेतले.

"शो झाल्यावर म्हटलं ना," तो म्हणाला, गळ्यातला चष्मा काढून ठेवला आणि माइक घेऊन बाहेर गेला.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. स्टेज म्हणून लाकडी फळ्या टाकल्या होत्या, वीतभर उंच. चौघे येऊन उभे राहिले. गिटारवाल्याच्या गुडघ्याला पट्टा होता, बेसवाला शर्टाच्या खिशातून गोळी काढून पाण्याबरोबर घेत होता. एखाद्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर शोभले असते चौघेही. नमस्कार नाही, नाव नाही, काही नाही. विल्सनकाकांनी काठ्या आपटून चार मोजले आणि ते सुरू झाले.

आवाज कानात गेला नाही, पोटात गेला. पाठीमागची भिंत हलत होती. दीड मिनिटात एक गाणं संपायचं, टाळ्या पडायच्या आत पुढचं सुरू. पाणीकपातीवर एक, ओव्हरटाइमवर एक, घरमालकाच्या कुत्र्यावर एक. चाल अशी नव्हतीच, नुसतं भांडण होतं, पण चौघांनी एकाच दमात घातलेलं. समोरची टकली, पोट सुटलेली माणसं एकमेकांवर आदळत होती. कोणी पडलं की चार हात खाली जाऊन त्याला उचलत होते. आणि केबिनमधला तो किरकोळ माणूस फळ्यांवर उभा राहून असा ओरडत होता की त्याच्या मानेच्या शिरा मला भिंतीपासून दिसत होत्या. तो खोटं काहीच करत नव्हता. जे ओरडत होता ते त्याचं होतं, मास्तरचं होतं, आठवीच्या वर्गातलं होतं.

मला ते आवडलं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा आवडलं म्हणूनच मला अधिक राग आला. आम्हाला टाकून हा माणूस कुठे कुजत पडला असता तर मला समजलं असतं. पण तो इथे होता, आणि इथे तो खरोखर कोणीतरी होता.

तास उलटून गेला. त्याचा आवाज फाटत चालला होता. वरच्या सुरात नुसती हवा यायची, तरी तो रेटत होता. शेवटी त्याने माइक तोंडाजवळ घेऊन एकच शब्द म्हटला, "कागद." आणि सगळं वर्कशॉप पुढे लोटलं.

मी भिंतीपाशी राहिलेच नाही. मागच्यांनी ढकललं आणि मी फळ्यांपासून चार माणसं अंतरावर जाऊन अडकले. चहूकडून हात वर गेले होते, प्रत्येक हातात कागद. तो ओरडत होता, "नाव काय, गाव काय, बाप काय?" आणि लोक उत्तर देत होते, "कागद." "जात काय, पात काय, माप काय?" "कागद." तो वाकून एकेकाच्या हातातला कागद घ्यायचा, दोनदा फाडायचा आणि वर उधळायचा. गोंदियाची बदली माझ्या डोळ्यांदेखत चार तुकडे होऊन पंख्यात गेली. काही कागद त्याने डाव्या हातात गोळा करून धरले होते.

तेवढ्यात कोणीतरी पाण्याची बाटली उघडून गर्दीवर मारली. गार पाणी माझ्या मानेवर आलं आणि काही कळायच्या आत मी फाइल वाचवायला दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.

तिथे हात वर करून कागद धरणं म्हणजे काय, हे मला रांगेतच सांगून झालं होतं. पण हात डोक्याला विचारून वर जात नाहीत.

"दे, पोचवतो," शेजारचा म्हणाला. चांगुलपणानेच म्हणाला. फाइल माझ्या हातातून निघाली, त्याच्याकडून पुढच्याकडे, तिथून पुढे. मी "नको, नको" म्हणत होते, ते मलाच ऐकू येत नव्हतं.

दिग्याने फाइल घेतली. उघडली. डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन पाहिली, कारण चष्मा केबिनमध्ये राहिला होता. मग मान वर करून त्याने गर्दीत शोधलं आणि मी त्याला सापडले. विल्सनकाका तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत थांबले होते. शंभर माणसं एका आवाजात म्हणत होती, "फाड. फाड. फाड." त्याचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही म्हणून.

तो पाठ फिरवून ड्रमकडे गेला. क्षणभर तिथे वाकला. परत वळला तेव्हा त्याच्या हातात स्टॅम्पपेपर होता. वर सरकारी नक्षी, खाली टाइप केलेल्या ओळी. त्याने तो डोक्यावर धरला आणि मधोमध फाडला. मग पुन्हा फाडला. तुकडे वर गेले आणि लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. तेव्हा मला दिसायला नको होता, आणि पुढे शोधूनही सापडला नाही.

मी माणसांना कोपरांनी ढकलत, नखांनी ओरबाडत शटरखालून बाहेर आले. मागून विल्सनकाकांनी हाक मारल्यासारखं वाटलं. कान इतके वाजत होते की खात्री नव्हती, आणि खात्री असती तरी मी थांबले नसते. समोर दापोडीची बस उभी होती. मी तीत चढले आणि सगळ्यांदेखत, तोंडावर ओढणी न घेता रडले. कंडक्टरने तिकीट हातात न देता शेजारच्या सीटवर ठेवलं.

घरी आई पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. माझ्या हातात फाइल नाही हे तिने आधी पाहिलं.

"फाडला," मी म्हटलं. "आजोबांचा उतारापण त्यातच होता."

आईने पाय पाण्यातून बाहेर घेतले. मग म्हणाली, "मुद्दाम?"

"माझ्याकडे बघून."

"तरी तू उद्या जा. साहेबांना सांग काय झालं ते. पुढची तारीख माग. दोन दिवसांची, तीन दिवसांची."

"काय सांगू? माझ्या बापाने माझे कागद नाचत नाचत फाडले, असं?"

"असंच सांग. खरंय ते."

"मी जाणार नाही."

"कल्याणी, हट्ट करायची ही वेळ नाही. तुझं हे बापावर गेलंय."

तिने ते म्हणायला नको होतं. मी भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी आईने डबा भरला, माझ्या उशाशी बसचे पैसे ठेवले आणि ड्यूटीला गेली. जाताना दारातून पुन्हा म्हणाली, "जा गं." अकरा वाजता मी मोरीत कपडे धूत होते. दापोडीहून तिथे जायला पाऊण तास लागतो. पावणेबारा वाजले तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता गेलं तरी उशीरच. दोन वाजता तेच म्हटलं. चार वाजता कपडे वाळलेसुद्धा होते.

शुक्रवारी सीट गेली. त्या दिवशी आई घरी येऊन जेवली नाही. 

पुढे मला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिथेही वैधता प्रमाणपत्र लागतंच. म्हणून ऑक्टोबरात, आता जुनी केस पुन्हा कशी उघडायची ते विचारायला, मी पहिल्यांदा त्या इमारतीचा जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर दाराशी भोईटे नावाचे वयस्क शिपाई बसले होते. मी नाव सांगितलं.

"साळुंखे कल्याणी दिगंबर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, कुठं होता तुम्ही?"

ते उठले, आपल्या लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं आणि आतून माझी निळी फाइल काढून टेबलावर ठेवली.

मी ती उघडली. आजोबांचा उतारा होता. नव्या दाखल्याचा अर्ज होता, सही केलेला. आणि प्रतिज्ञापत्र होतं, अख्खं, त्याला साधी चुणीसुद्धा पडली नव्हती. त्याच्या टाइप केलेल्या नावाच्या वर, ज्या रिकाम्या जागेसाठी मी पाया पडले होते तिथे, सातवीतल्या मुलासारख्या गोल, सुट्या अक्षरांत लिहिलेलं होतं, दिगंबर मारुती साळुंखे. खाली नोटरीचा शिक्का, तारीख सोमवारची. त्याने फाडला तो कागद दुसऱ्याच कोणाचा तरी भाडेकरार होता.

"वडील ना ते तुमचे?" भोईटे विचारत होते. "दाढी, कानात बाळी? सोमवारी नोटरीच्या दारात उजाडल्यापासून बसले असणार. मी दहाला कुलूप काढायला आलो तर हे शिक्का मारलेले कागद घेऊन हजर. अकराला तुमचं नाव पुकारलं, तर आत हेच गेले. साहेब म्हणाले, अर्जदार कुठंय? यांना काही बोलताच येईना. घसा पार गेलेला, नुसती हवा. मला वाटलं, मुके आहेत. मग त्यांनी खुणेने माझ्याकडे कागद मागितला आणि लिहून दाखवलं. टाकला नाही मी तो. बघा, मागच्या कप्प्यात असेल."

मागच्या कप्प्यात पाठकोऱ्या कागदाच्या तीन चिठ्ठ्या होत्या. अक्षर तेच.

पहिलीवर लिहिलं होतं, 'मुलगी येत आहे. थांबतो.'

"तीन दिवस आले," भोईटे म्हणाले. "त्या बाकावर बसायचे. जेवायलासुद्धा उठायचे नाहीत, तुम्ही तेवढ्यात येऊन जाल म्हणून. पत्ता फलटणचा होता फाइलवर, तुमच्या मामांच्या घरचा. मी म्हटलं, तिथं जाऊन बघा. तर हात जोडले नुसते, इथून हलणार नाही म्हणून."

दुसरी चिठ्ठी, 'आज आली होती का?'

तिसरी, 'तारीख समजण्यात चूक झाली असेल. हुशार आहे. येईल.'

मी बाकाकडे पाहिलं. त्यावर एक बाई आपल्या मुलाला केळं सोलून देत होती. 

"मी त्या दिवशी आले असते तर?" मी विचारलं. उत्तर मला नको होतं, तरी विचारलं.

भोईटे ओशाळल्यासारखे झाले. "आता ते उगाळून काय करायचं," ते म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "साहेबांनी कागद तपासले होते, पोरी. सगळं बरोबर होतं. संध्याकाळी साडेपाचपर्यंत त्यांनी केस उघडी ठेवली तुमच्यासाठी. फक्त तुमची सही राहिली होती."